मुंबईत राहतो, पण मुंबई पाहिली का?

गावाहून पाहुणे येतात. चार दिवस राहतात. त्या चार दिवसांत ते गेटवे ऑफ इंडिया पाहतात, राणीची बाग पाहतात, चैत्यभूमीला वंदन करतात, जुहूच्या वाळूत पाय बुडवतात आणि निघताना विचारतात, "तुम्ही तर हे सगळं नेहमीच बघत असाल, नाही?" आपण मान डोलावतो. खरे म्हणजे त्यांतल्या निम्म्या ठिकाणी आपण शेवटचे कधी गेलो होतो, हे आपल्यालाही आठवत नसते.

मुंबईत राहणे वेगळे आणि मुंबई पाहणे वेगळे. राहणाऱ्याची मुंबई फार लहान असते. घर, स्टेशन, कचेरी, रेशनचे दुकान, मुलांची शाळा आणि दवाखाना. एवढ्यातच जन्म जातो. आम्ही पेशाने कारकून आणि शिक्षणाने बी.कॉम., त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय बोलणे होत नाही. वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले तर वीस वर्षांत पाच हजार वेळा आम्ही दादरहून फोर्टात गेलो आणि तितक्याच वेळा परत आलो. अंतर नऊ किलोमीटर धरले तरी नव्वद हजार किलोमीटर झाले. म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घालून वर काही शिल्लक! आणि एवढ्या प्रवासात पाहिले काय? तर पुढे उभ्या असलेल्या माणसाची पाठ.

म्हणून काही वर्षांपूर्वी आमच्या नायगावच्या चाळीतील पाच-सात घरांनी मिळून एक रीत पाडली. महिन्याचा पहिला रविवार मुंबईचा. सकाळी सात वाजता निघायचे आणि दुपारी दोनपर्यंत घरी यायचे. डबा घरचा, पाण्याच्या बाटल्या घरच्या. स्टेशनपासून पुढे होईल तितके पायी चालायचे. एका वेळी एकच ठिकाण, पण ते नीट पाहायचे. जेथे जायचे त्याची माहिती आदल्या आठवड्यात मुलांपैकीच एकाने वाचून ठेवायची आणि तेथे सर्वांना सांगायची. सांगताना चुकला तर कोणी हसायचे नाही. बस्स, एवढेच नियम.

या रिवाजातून आम्हाला जे मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

घराजवळून सुरुवात

लांब जाण्याआधी जवळचे पाहावे. नायगावहून पायी निघाले की अर्ध्या तासात परळची पोयबावडी येते. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली आणि १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्या ट्रस्टने बांधलेल्या चाळी म्हणजे बी.आय.टी. चाळी. त्यांतील एक नंबरच्या चाळीत, ५० व ५१ क्रमांकाच्या खोल्यांत, १९१२ पासून १९३४ पर्यंत बाबासाहेबांचे कुटुंब राहिले. कोलंबियाची पीएच.डी., लंडनची डी.एस्सी., महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, हा सारा काळ त्या दोन खोल्यांच्या पत्त्यावर गेला. जवळच दामोदर हॉल. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय तेथेच होते.

आम्ही मुलांना घेऊन गेलो, तेव्हा एका चौथीतल्या मुलीने जिन्याखालून वर पाहिले आणि विचारले, "दोनच खोल्या? म्हणजे आपल्यासारख्याच?" आम्ही म्हटले, "हो, आपल्यासारख्याच." ती पुढे काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून "घरात जागा नाही, अभ्यास कुठे करू?" ही तिची तक्रार आम्ही ऐकली नाही, असे तिची आई सांगते. व्याख्यानांनी जे होत नाही, ते कधी कधी एका जिन्याने होते.

पोयबावडीहून पाऊण तास चालत आले की दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह. ग्रंथ ठेवायला जागा हवी म्हणून बांधलेले घर जगात किती असतील? चाळीच्या दोन खोल्यांपासून राजगृहापर्यंतचे अंतर मुलांनी आपल्या पायांनी मोजावे, अशी आमची इच्छा असते. बसने गेले तर ते कळत नाही.

याच पट्ट्यात गिरण्यांची धुराडी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर भोंगे एकेक करून बंद झाले आणि आज त्या जागांवर मॉल, कचेऱ्या आणि मान वर करून पाहावे लागेल असे मनोरे आहेत. मुलांना मॉल दाखवायला कोणी लागत नाही. पण त्याखाली काय होते, हे सांगायला घरचे माणूस लागते. आमचे आजोबा गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. विणकामाच्या खात्यात मजुरी जास्त होती, परंतु तेथे आपल्या माणसांना घेत नसत. कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. मशीन विलायतेचे, कापूस विदर्भ-खानदेशचा, आणि विटाळ मात्र गावचा! १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला होता. मॉलच्या थंड हवेत उभे राहून ही गोष्ट सांगितली की मुले प्रथम हसतात, मग गप्प होतात.

फोर्टातले झाड

फोर्ट हा आमच्या नोकरीचा भाग. तो पाहायला आम्ही मुद्दाम रविवारी जातो, कारण इतर दिवशी तो दिसत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे आपले जुने व्ही.टी., हे १८८८ मध्ये बांधून पूर्ण झाले आणि २००४ मध्ये जागतिक वारसा ठरले. त्याच्या भिंतींवर मोर आहेत, माकडे आहेत, पानाफुलांची नक्षी आहे. मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा त्या कोरीव कामाला हात लागलेला आहे. आपण ९.४२ ची गाडी पकडायला धावतो, वर पाहणार कधी? तेथून चालत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजेच महात्मा जोतिबा फुले मंडई. ती १८६९ ची. मग एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल, राजाबाई टॉवर, विद्यापीठ. आणि आपल्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या बुद्धभवन व आनंदभवन या इमारती. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची आणि सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे. सकाळच्या वर्गांमुळे नोकरी करणाऱ्यांना तेथे शिकता आले. आनंदभवनाच्या पायऱ्या आम्हीही डोळ्यांत झोप घेऊन चढलो आहोत. आता मुलांना घेऊन त्या इमारतींपुढे उभे राहतो तेव्हा त्या अधिक उंच वाटतात.

एका रविवारी आम्ही संग्रहालय पाहायला निघालो होतो. जुने नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. ते १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झाले. चाळीतल्या एक मावशी आमच्यासोबत होत्या. महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांची नेमणूक बरीच वर्षे त्याच भागात होती. फाटकाबाहेरचा रस्ता, काळा घोड्याचा चौक, सगळा त्यांनी झाडलेला. फाटकापाशी त्या थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आत कोणी काय बोलणार तर नाही ना?" आमच्या सौ. म्हणाल्या, "मावशी, तिकीट काढलंय आपण." तरी त्यांनी पदर नीट केला, चपला झटकल्या आणि मगच आत पाऊल टाकले.

आत बागेत गेल्यावर त्या एका मोठ्या झाडाखाली उभ्या राहिल्या. बराच वेळ वर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं हिचाच पाला गोळा केला बाहेरच्या बाजूला. झाड कुठलं ते आज कळलं." पुढे शिल्पांच्या दालनात आम्ही त्यांना मीरपूरखासच्या स्तूपावरील भाजल्या मातीच्या बुद्धमूर्ती दाखवल्या. त्यांनी हात जोडले, पण त्यांचे लक्ष खाली फरशीकडेही होते. "फरशी चांगली ठेवलीय," असे म्हणून त्या कोपऱ्यात पोछा घेऊन उभ्या असलेल्या बाईंपाशी गेल्या आणि त्यांची चौकशी करू लागल्या. कायम आहात की कंत्राटी? पगार वेळेवर होतो का? आमची मुले मूर्ती पाहत होती आणि मावशी माणूस पाहत होत्या. त्या दिवशी संग्रहालय पुरे पाहिले असेल, तर ते मावशींनी पाहिले, असे आमचे मत आहे.

वाचकहो, या प्रसंगावर आम्ही पुष्कळ विचार केला. या शहराच्या गोदीत ओझी कोणी वाहिली? गिरण्यांत घाम कोणी गाळला? रस्ते कोणी झाडले, गटारे कोणी उपसली? आपल्याच बापजाद्यांनी. पण शहर पाहणारे मात्र दुसरे. आज कोणत्याही दारावर "तुम्हाला मज्जाव" अशी पाटी नाही. कायद्याने ती काढली. परंतु दारावरची पाटी काढली तरी मनातली पाटी आपोआप निघत नाही. ती पायांनी जाऊन काढावी लागते. महाडच्या तळ्यावर आपली माणसे गेली ती केवळ तहान लागली म्हणून गेली नाहीत. सार्वजनिक ते आपलेही, हे सांगायला गेली. संग्रहालय, ग्रंथालय, उद्यान, समुद्रकिनारा हीसुद्धा सार्वजनिक तळीच आहेत. आपल्या मुलांनी त्यांच्या काठावरून परत फिरू नये.

थोडी मौजही हवी

सगळे रविवार इतके गंभीर नसतात, हेही सांगितले पाहिजे. मौजेसाठीही आम्ही फिरतो. एके काळी दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरची पुढची बाके पकडण्यासाठी मुलेच काय, थोर माणसेही धावत. डिझेलवरच्या त्या जुन्या लाल गाडीची अखेरची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजी झाली. आता विजेवरच्या वातानुकूलित दुमजली गाड्या आहेत. खिडकी उघडत नाही, वारा लागत नाही, पण वरून शहर तसेच दिसते. मे २०२५ मध्ये बेस्टचे साधे किमान भाडे दहा रुपये झाले, तरीही आम्ही म्हणू की समुद्र, झाडे आणि शंभर वर्षांच्या इमारती इतक्या स्वस्तात कोठे दिसत नाहीत.

हिवाळ्यापासून मेपर्यंत शिवडीच्या खाडीत रोहित पक्षी येतात. ओहोटीची वेळ पाहून जावे. चिखलात गुलाबी रांगोळी घातल्यासारखे थवे उभे असतात. तिकीट नाही, रांग नाही. हार्बर मार्गावरच्या शिवडी स्टेशनवर उतरायचे आणि जेट्टीच्या दिशेने चालायचे. मागे जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू दिसतो. खाली चिखल, वर पूल आणि मध्ये हे लांब मानेचे पाहुणे. आमच्या चाळीतील एक आजोबा म्हणाले, "हेही आपल्यासारखेच, पोटासाठी लांबून आलेले." मुलांनी त्या दिवसापासून त्या पक्ष्यांना "आपले गाववाले" असे नाव ठेवले आहे.

आणि पाऊस! मुंबईचा पाऊस कामाच्या दिवशी शत्रू असतो. रुळांवर पाणी, गाड्या बंद, कचेरीत लेट मार्क. तोच पाऊस रविवारी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून पाहावा. एका कागदात भाजलेले कणीस, वर मीठ-लिंबू-तिखट. घरी आल्यावर सर्वांना शिंका येतात, पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेथेच जायचे ठरते.

डोंगरातली वस्ती

मुंबई इंग्रजांनी वसवली, असे आपण शाळेत शिकतो. सात बेटे, मग बंदर, १८५३ ची पहिली आगगाडी, मग गिरण्या. हे खोटे नाही, पण अर्धेच आहे. बाकीचे अर्धे पाहायचे तर बोरिवलीला उतरून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिरावे आणि कान्हेरीचा डोंगर चढावा.

तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीपासून सुमारे हजार वर्षे तेथे भिक्खूंची वस्ती होती. तीन क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन बाजूंना वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती उभ्या आहेत. लहान मुलांना त्यांच्या पायाशी उभे केले की मुले घोट्याएवढी दिसतात. परंतु आम्हाला सर्वांत आवडते ते तेथले पाणी. जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी दगडात खोदलेले टाके आहे. त्यांना शिलालेखांत पोढी म्हटले आहे. डोंगराच्या पाठीवर बारीक चर खोदून पावसाचे पाणी या टाक्यांत उतरवले आहे. पोढी खोदणे हे पुण्याचे दान मानले जाई. दाते कोण? राजेच नव्हेत. व्यापारी, सोनार, लोहार, भिक्खुणी, साध्या घरच्या बाया. कोणी कल्याणचा, कोणी सोपाऱ्याचा, कोणी चौलचा. त्यांची नावे ब्राह्मी लिपीत आजही दगडावर आहेत.

याच वनात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहार १८६० चा आणि तुळशी १८७९ चा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हे दोन. म्हणजे इंग्रज अभियंत्यांनी ज्या डोंगरात पाणी अडवले, तेथे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भिक्खुसंघाने ते अडवले होते. सकाळी नळाला पाणी आले नाही म्हणून चाळीत भांडणे होतात, त्या मुलांनी हे टाके वाकून पाहावे. पाणी कोणाचे, हा प्रश्न त्या डोंगरावर कोणी विचारत नव्हते. ज्याला तहान, त्याचे पाणी.

बोरिवली लांब पडत असेल तर अंधेरी पूर्वेला महाकालीची, म्हणजे कोंडिवट्याची लेणी आहेत. भोवती इमारती, कारखाने, रहदारी आणि मधोमध एका टेकडीवर एकोणीस लेणी. गोल दालनातला तेथला स्तूप पाहण्यासारखा आहे. अंधेरीत उभा जन्म काढलेल्या एका मित्राला आम्ही तेथे नेले, तेव्हा तो म्हणाला, "मी रोज या स्टॉपवरून बस पकडतो!"

लांब गेलेल्यांसाठी

आता एक हळवी गोष्ट. चाळी मोडत आहेत. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांना हे घर मिळाले, याचा आनंद आहेच. पण त्याच्या आधी कितीतरी कुटुंबे लग्नानंतर, भांडणानंतर, संपानंतर मुंबई सोडून लांब गेली. बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, नालासोपारा, विरार. समारंभात भेटले की म्हणतात, "आम्ही कसले आता मुंबईकर? मुंबईने आम्हाला बाहेर टाकलं."

नालासोपाऱ्याला राहणाऱ्या बंधु-भगिनींना आम्ही मुद्दाम सांगू इच्छितो. आपण मुंबईच्या शेवटाला नाही, मुंबईच्या आरंभाला राहता. आजचे सोपारा म्हणजे बौद्ध ग्रंथांतील सुप्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. मुंबई नावाचे शहर नव्हते तेव्हा तेथे जहाजे लागत. पुण्ण स्थविर याच भागातले. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील टेकाड खणले. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. निघाला तो स्तूप. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, आठ कांस्यमूर्ती आणि मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा. ते दगड, मावशींनी ज्याची फरशी पाहिली, त्या संग्रहालयाने जपून ठेवले आहेत.

आठव्या लेखात काय आहे, हे कळल्यावर आम्ही थक्क झालो. तो लेख प्रवासाबद्दलच आहे! पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे शिकार आणि करमणूक यांसाठी. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, दान द्यायचे. वृद्धांना भेटायचे, त्यांना मदत करायची. खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचे आणि त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचे. आणि या यात्रेत राजाला अधिक आनंद मिळतो, असा लेखाचा आशय आहे.

म्हणजे प्रवास कसा करावा, हे दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी आपल्याच नालासोपाऱ्यात दगडावर लिहून ठेवले होते. जागा पाहावी, पण माणसेही पाहावीत. म्हाताऱ्यांना सोबत घ्यावे. मौज करावी, पण रिकाम्या हाताने परतू नये. तेव्हापासून आम्ही आपल्या रविवारात एक भर घातली आहे. ज्या भागात जाऊ, तेथे राहणाऱ्या एका तरी जुन्या माणसाला भेटायचे. त्याच्याकडून त्या भागाची गोष्ट ऐकायची. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात, जेथे बाबुराव बागूल वाढले, आम्ही असे गेलो. घाटकोपरच्या चिरागनगरात, जेथे अण्णा भाऊ साठे राहिले, तेथेही गेलो. वाटेगावाहून चालत मुंबईला आलेल्या त्या माणसाची गोष्ट मुलांनी तेथल्या गल्लीत बसून ऐकली. अशी शाळा कोठल्या वेळापत्रकात नसते.

रविवार कोणाचा?

"हे सगळं ठीक आहे, पण वेळ कुठे आहे?" असे वाचक विचारतील. पुरुष विचारतील तर त्यांना आम्ही विचारू, रविवारी सकाळी दहापर्यंत झोपायला वेळ कोठून येतो? पण भगिनींनी विचारले तर त्यांचे म्हणणे खरे आहे. रविवार हा बाईचा सुट्टीचा दिवस नसतोच. साठलेले कपडे, दळण, मटण-मच्छी, पाहुणे. आमच्याकडेही पहिल्या दोन सहलींना पुरुष आणि मुलेच गेली. बायका म्हणाल्या, "तुम्ही फिरून या, आम्ही भाकऱ्या थापतो." तिसऱ्या वेळी आमच्या सौ.नी स्पष्ट सांगितले, "धम्मयात्रा तुमची आणि डबा आमचा, असं चालणार नाही." मग ठरले. पहिल्या रविवारी आदल्या रात्री डबा पुरुषांनी करायचा. पोळ्यांचे नकाशे होतात, त्यात सातही बेटे दिसतात, पण खाल्ले जाते. कपडे सोमवारी धुवायचे. एक दिवस उशिरा धुतले म्हणून कोणाचे कपडे फाटले नाहीत.

खर्चाचे म्हणाल तर चौघांच्या कुटुंबाला जवळच्या सहलीस दीडशे रुपये पुरतात. कान्हेरीला थोडे अधिक लागतात, पण पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद आणि राणीची बाग बुधवारी बंद, हे लक्षात ठेवावे. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणून शनिवारचे वर्तमानपत्र पाहून मार्ग ठरवावा. सोबत एक वही ठेवावी. मुलाने घरी येऊन पाच ओळी लिहाव्यात. आमच्या चाळीत अशा वह्या झाल्या आहेत. त्यांतले शुद्धलेखन फारसे चांगले नाही, परंतु अमुक लेण्यात किती पायऱ्या, तमुक झाडावर किती घरटी, याची नोंद चोख आहे.

दरवर्षी ६ डिसेंबरला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि बाहेरून आपली माणसे दादरला येतात. पाण्याच्या टाकीपाशी सेवा करताना ती आम्हाला विचारतात, राजगृह कोठे, पोयबावडी कोठे, सिद्धार्थ कॉलेज कोठे, तेथे पायी जाता येईल का? आता आमची मुलेच उत्तर देतात. एका मुलाने वहीच्या कागदावर दादर-परळचा नकाशा काढला आणि त्याच्या झेरॉक्स प्रती वाटल्या. नांदेडच्या एका आजींनी तो घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि विचारले, "बाळा, तू इथलाच का?" तो म्हणाला, "हो आजी, मुंबई आमचीच आहे."

आपल्या मुलांना हे वाक्य असे सहज म्हणता यावे, एवढ्यासाठी हे फिरणे. येत्या पहिल्या रविवारी आपणही निघा. आपल्या वस्तीतील एका वृद्ध माणसाला सोबत घ्या. कोठे जावे हे सुचत नसेल तर त्यांनाच विचारा, "तुम्ही आयुष्यभर जेथे काम केलंत, ती जागा आम्हाला दाखवाल का?" पुढचा रस्ता ते दाखवतील.